ऑक्सिजन-२८ का टिकत नाही? मॅजिक नंबर, आणि न्यूट्रॉनचा पत्ता शोधायची रीत

शास्त्राच्या_बाई

नमस्कार मंडळी,

मी कऱ्हाडजवळच्या एका कॉलेजात टीवायबीएस्सीला न्यूक्लिअर फिजिक्स शिकवते. गेल्या आठवड्यात शेल मॉडेल संपवलं. फळ्यावर २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ असे मॅजिक नंबर लिहिले. इतके प्रोटॉन किंवा इतके न्यूट्रॉन असले की कवच पूर्ण भरतं आणि केंद्रक जास्त पक्कं होतं, हे सांगितलं. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, ऑक्सिजनचे प्रोटॉन ८. त्यात २० न्यूट्रॉन घातले तर दोन्ही आकडे मॅजिक होतात. मग ऑक्सिजन-२८ एकदम भक्कम हवा. तक्त्यात तो दिसत का नाही?"

मी "उद्या सांगते" म्हणाले. घरी येऊन शोधलं तर कळलं की जपानच्या रिकेन संस्थेत ऑक्सिजन-२८ प्रत्यक्ष पाहिला गेला, निकाल २०२३ मध्ये आला. पण तो टिकतच नाही. झाला की लगेच ऑक्सिजन-२४ आणि चार सुटे न्यूट्रॉन असा फुटतो. म्हणजे पोरीचं बरोबर होतं, आणि माझा फळा अपुरा.

माझे प्रश्न दोन आहेत. २० हा आकडा ऑक्सिजनमध्ये मॅजिक का राहत नाही? आणि त्याहून मोठा म्हणजे, केंद्रकाच्या आत कुठला न्यूट्रॉन कुठल्या कक्षेत बसलाय हे कुणाला कळतं तरी कसं? आत डोकावायला तर कुणी जात नाही. मुलीला सांगता येईल अशा भाषेत कुणी समजावलं तर फार उपकार होतील.

निळी_शाई

विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी. असे प्रश्न विचारणारी मुलं वर्गात असली की शिकवायला हुरूप येतो. बाकी विषय माझ्या डोक्यावरून, पण वाचतेय.

गणूमामा

शेवटच्या बाकावरची पोरं खिडकीतून बाहेर बघतात असं कोण म्हणतं?

बाई, मी शाळेत असताना "मॅजिक" नाव ऐकून आमच्या मास्तरांना विचारलं होतं, यात जादू कसली? त्यांनी एका ओळीत सांगितलेलं अजून लक्षात आहे: कारण माहीत नव्हतं म्हणून जादू. हे नाव नक्की कुठून आलं?

केंद्रस्थ

@गणूमामा, मास्तर बरोबर होते. नाव रूढ झालं तेव्हा आकडे दिसत होते, कारण सापडत नव्हतं. हा शब्द यूजीन विग्नर यांचा मानतात. १९४९ मध्ये मारिया गेपर्ट मायर यांनी, आणि स्वतंत्रपणे जर्मनीत हान्स येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण दिलं: न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन स्वतःभोवती फिरतो आणि कक्षेतही फिरतो. ही दोन फिरणी एकाच दिशेची असली तर त्याची ऊर्जा बरीच खाली येते, उलट दिशेची असली तर वर जाते. याला स्पिन-ऑर्बिट जोड म्हणतात. या जोडीमुळे पातळ्या दुभंगतात आणि २८, ५०, ८२, १२६ हे आकडे आपोआप बाहेर पडतात. मायर अडल्या होत्या तेव्हा खोलीतून बाहेर पडताना एन्रिको फर्मींनी सहज विचारलं होतं, स्पिन-ऑर्बिटचा काही मागमूस दिसतो का? त्यांना तिथेच उलगडलं. १९६३ चं नोबेल मायर, येन्सेन आणि विग्नर यांना मिळालं.

मी बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाशी रोज झुंजतो. पीएचडीपासून ट्रान्स्फर रिअ‍ॅक्शन हेच काम आहे, आता युरोपात असतो. रात्री सविस्तर लिहितो. आज बीमची (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून निघणाऱ्या झोताची) पाळी आहे.

निळी_शाई

मायरबाईंनी कितीतरी वर्षं विद्यापीठात बिनपगारी काम केलं होतं ना? नवऱ्याला नोकरी, बायकोला नाही, हा तेव्हाचा नियम. आणि नोबेल मिळाल्यावर सॅन दिएगोच्या एका वर्तमानपत्राने मथळा दिला तो गावातल्या एका आईला नोबेल मिळाल्याचा. वाचून अंगाचा तिळपापड होतो.

शास्त्राच्या_बाई

निळी_शाई, हे मी वर्गात नक्की सांगणार. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत.

केंद्रस्थ

आलो. जरा मोठं होईल, चहा घेऊन बसा.

केंद्रक म्हणजे चाळ समजा. तळमजल्यावर दोन बिऱ्हाडं, वरच्यावर सहा, असं करत मजले भरत जातात. काही मजल्यांच्या मध्ये जिना लांबलचक आहे. खालचा मजला पूर्ण भरला की पुढच्या भाडेकरूला तो लांब जिना चढावाच लागतो. तो लांब जिना जिथे येतो, तो आकडा मॅजिक.

आता प्रश्न असा की कुठल्या खोलीत कोण राहतं ते बाहेरून कसं कळणार? रीत अशी. एक नवा भाडेकरू आत पाठवायचा आणि तो कुठे स्थिरावला ते पाहायचं. भाडेकरूला आणून सोडणारा असतो ड्यूटेरॉन. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची सैलसर जोडी. ती सोडवायला फक्त २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात (यापुढे एमईव्ही लिहितो). ड्यूटेरॉन केंद्रकाच्या कडेने जातो, जाता जाता न्यूट्रॉन आत सोडतो आणि प्रोटॉन एकटा पुढे निघून जातो. धावत्या लोकलमधून डबा फलाटावरच्या माणसाच्या हातात द्यावा तसं. ही ट्रान्स्फर रिअ‍ॅक्शन.

आम्ही पकडतो तो प्रोटॉन. त्याच्याकडून दोन गोष्टी कळतात. त्याची ऊर्जा मोजली की न्यूट्रॉनने किती खर्च केला ते कळतं, म्हणजे तो कितव्या मजल्यावर गेला ते. आणि प्रोटॉन कुठल्या कोनात जास्त संख्येने बाहेर येतो यावरून न्यूट्रॉनने आत किती कोनीय संवेग नेला ते कळतं. म्हणजे तो कुठल्या प्रकारच्या खोलीत गेला: एस, पी, डी की एफ. शून्य संवेग नेला असेल तर प्रोटॉनांची गर्दी शून्य अंशापाशी होते. जितका जास्त संवेग, तितकं गर्दीचं शिखर मोठ्या कोनाकडे सरकतं. १९५० च्या सुमारास बटलर यांनी हा हिशोब मांडला. आजचे हिशोब खूप पुढे गेलेत, पण मूळ कल्पना तीच आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे किती प्रोटॉन आले. खोली पूर्ण रिकामी असेल तर न्यूट्रॉन सहज आत जातो. आधीच कुणी अर्धवट राहत असेल तर शक्यता कमी होते. त्याचा अंक म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर.

अर्धा_चहा

चहा संपला, पण समजलं! डब्याचं उदाहरण फार छान. डबा देणाऱ्याचा हात कुठल्या दिशेला वळला त्यावरून डबा किती जड होता ते ओळखायचं, असंच ना?

केंद्रस्थ

@अर्धा_चहा, जवळजवळ. जड किती यापेक्षा गरगर किती. फलाटावरच्या माणसाला डब्यामुळे किती गिरकी बसली ते डबेवाल्याकडे बघून ओळखायचं.

कुलाब्याचा_पाहुणा

सुंदर लिहिलंय केंद्रस्थ. थोडी माझी भर.

माझं सगळं काम कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर झालं, टीआयएफआरच्या आवारात बीएआरसी आणि टीआयएफआर मिळून चालवतात तो. १४ दशलक्ष व्होल्टचा प्रवेगक आहे, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू. लोखंडी गोळ्यांची साखळी विद्युतभार वर नेते, म्हणून पेलेट्रॉन. बाहेर समुद्र, आत रात्रभर बीम. आम्ही लिथियम-७ वापरायचो. तो अल्फा (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) आणि ट्रायटॉन (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) यांची जोडी असल्यासारखा वागतो. ट्रायटॉन समोरच्या केंद्रकात जातो, अल्फा बाहेर येतो. न्यूट्रॉन एकटा न जाता पूर्ण बिऱ्हाडच स्थलांतर करतं म्हणा.

आणि आयएनजीए! गॅमा किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरांचा भारतीय संच. तो एका जागी राहत नाही. मुंबई, दिल्लीचं आययूएसी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी असे त्याचे मुक्काम असतात. आम्ही त्याला पालखी म्हणायचो. पालखी मुक्कामाला आली की सगळ्या विद्यापीठांतली पोरं बाडबिस्तरा घेऊन हजर.

पण हे सगळं टिकाऊ केंद्रकांवर. बाईंच्या प्रश्नातला ऑक्सिजन-२८ किंवा त्याचे शेजारी अगदी क्षणिक. त्यांचं टार्गेट, म्हणजे बीम ज्याच्यावर सोडायचा ते लक्ष्य, कसं करणार? ते केंद्रस्थ सांगतील.

रसायनवाला

मी थोडा विरोधाचा सूर लावतो, राग नसावा. आम्ही रसायनवाले ऑर्बिटल शब्द रोज वापरतो, पण मी वर्गात नेहमी सांगतो की ऑर्बिटल ही गणिताची सोय आहे, वस्तू नाही. केंद्रकात तर न्यूट्रॉन-प्रोटॉन एकमेकांशी इतक्या जोरात झोंबतात की "हा या खोलीत राहतो" हे वाक्यच डळमळीत वाटतं. मग हा स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर म्हणजे मोजलेलं सत्य आहे की तुमच्या मॉडेलमधून निघालेला आकडा?

केंद्रस्थ

@रसायनवाला, राग कसला. आमच्या परिषदांमध्ये यावरच सगळ्यात जास्त वाद होतात.

तुमचा मुद्दा बरोबर आहे. आम्ही खरं मोजतो ते क्रॉस-सेक्शन, म्हणजे घटना घडण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात. त्याचं एकक बार्न, म्हणजे धान्याचं कोठार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शास्त्रज्ञांनी गमतीने ठेवलेलं नाव, कारण युरेनियमचं केंद्रक त्यांना कोठाराएवढं मोठं लक्ष्य वाटलं. आमच्या घटना बहुतेक एक-दोन मिलिबार्नच्या. त्या मोजमापाला सैद्धांतिक हिशोबाने भागलं की फॅक्टर मिळतो. हिशोबात बदल केला की फॅक्टर बदलतो. म्हणून काटेकोर बोलायचं तर तो निरीक्षणातली राशी नाही.

उदाहरण सांगतो. टिकाऊ केंद्रकांवर इलेक्ट्रॉन आदळून पाहिलं तेव्हा साध्या शेल मॉडेलला अपेक्षित असलेल्यापैकी साधारण ६० ते ६५ टक्केच मिळालं. उरलेले न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचं सामाईक नाव) एकमेकांशी झोंबण्यात वरच्या खोल्यांत फिरतात. तुम्ही म्हणता तेच. आणि पुढचा पेच असा: वेगवान केंद्रकातून एक न्यूक्लिऑन ठोकून काढण्याच्या प्रयोगांत, घट्ट बांधलेल्या न्यूक्लिऑनसाठी आकडा हिशोबापेक्षा खूपच कमी येतो. ट्रान्स्फरमध्ये तशी मोठी घसरण दिसत नाही. दोन रीती, एकच केंद्रक, वेगवेगळी उत्तरं. मला वाटतं यात दोष प्रतिक्रियेच्या हिशोबात आहे. माझे काही सहकारी याच्या अगदी उलट मानतात.

पण यामुळे पद्धत वाया जात नाही. ऊर्जा आणि कोन ही सरळ निरीक्षणं आहेत. फॅक्टर आम्ही मुख्यतः तुलनेसाठी वापरतो: याच रीतीने, याच हिशोबाने शेजारच्या केंद्रकात काय मिळालं? तुलना पक्की असते.

रसायनवाला

इतकं सरळ उत्तर मिळालं की वाद घालायला जागाच उरत नाही. पण तुलना पक्की हे पटण्यासाठी एखादं उदाहरण द्या ना.

तळटीप

+१. उदाहरण हवंच.

केंद्रस्थ

उदाहरण म्हणून माझा आवडता प्रयोग. टिन-१३२, म्हणजे कथील. ५० प्रोटॉन, ८२ न्यूट्रॉन, दोन्ही मॅजिक. अर्धायुष्यकाल फक्त ४० सेकंद. याचं टार्गेट करून समोर ठेवता येत नाही, जोडेपर्यंत निघून जातं. म्हणून खेळ उलटा केला. टिनलाच बीम केलं आणि ड्यूटेरॉनला टार्गेट. अमेरिकेत ओक रिज इथे युरेनियमचं विखंडन करून त्यातून टिन-१३२ वेगळं काढलं, वेग दिला आणि एका पातळ प्लास्टिकच्या कागदावर सोडलं. हे प्लास्टिक आपलं पॉलिथीनच, फक्त त्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम भरलेलं.

उलट्या खेळात बीम जड आणि टार्गेट हलकं असल्याने जी दिशा आम्हाला महत्त्वाची, तिथले प्रोटॉन मागच्या बाजूला उडतात, बीम आला त्याच दिशेकडे. म्हणून डिटेक्टर टार्गेटच्या मागे लावायचे. सवय व्हायला वेळ लागतो.

निकाल २०१० मध्ये आला. टिन-१३३ मध्ये गेलेला न्यूट्रॉन चार पातळ्यांवर सापडला. त्यातली एक, १.३६ एमईव्हीची, तोवर कुणी पक्की ओळखलेली नव्हती. आणि चारही पातळ्यांचे फॅक्टर जवळपास १. म्हणजे जवळजवळ प्रत्येक खोली स्वच्छ रिकामी, न्यूट्रॉन एकटा आणि मोकळा. शिसे-२०८ हे टिकाऊ केंद्रकांमधलं आदर्श दुहेरी मॅजिक केंद्रक मानतात. त्याच्यावर त्याच हिशोबाने तुलना केली तर टिन-१३२ त्याच्या तोडीस तोड किंवा जास्तच चोख निघालं. रसायनवाला, तुलना म्हणजे ही.

गणूमामा

पॉलिथीनची पिशवी! आमच्या नगरपालिकेने ५० मायक्रॉनच्या आतली पिशवी दिसली की दंड ठोकला होता. तुमचं टार्गेट किती मायक्रॉन?

केंद्रस्थ

@गणूमामा, एक ते दहा मायक्रॉन. नगरपालिका आली तर आमची धडगत नाही! :) आणि जाड करताही येत नाही. जाड केलं तर प्रोटॉन बाहेर पडताना ऊर्जा हरवतो आणि कुठल्या मजल्यावर गेला ते धूसर होतं. पातळ ठेवलं तर घटना कमी मिळतात. बीममध्येच सेकंदाला जेमतेम दहा हजार केंद्रकं असली तर एकेक प्रोटॉनची वाट बघत बसावं लागतं. पेलेट्रॉनसारख्या टिकाऊ बीममध्ये सेकंदाला अब्जावधी मिळतात.

कुलाब्याचा_पाहुणा

हे वाचून मला आमची श्रीमंती कळली!

उलट्या खेळाची आणखी एक अडचण सांगतो. वेगवेगळ्या पातळ्यांचे प्रोटॉन ऊर्जेने एकमेकांच्या फार जवळ येतात, जणू फळ्यावरची वाक्यं दाटीवाटीने लिहिलीत. त्यावर तोडगा म्हणून अर्गॉन प्रयोगशाळेने हेलिओस बांधला. एक मोठं सोलेनॉइड चुंबक. प्रोटॉन चुंबकक्षेत्रात गिरकी घेतो आणि पुन्हा मधल्या अक्षावर येतो. गिरकीला लागणारा वेळ त्याच्या वेगावर अवलंबून नाही. मग तो अक्षावर कुठे उतरला एवढं बघायचं, पट्टीवर आकडा वाचल्यासारखं. पातळ्या पुन्हा सुट्या सुट्या दिसतात. आणि गंमत म्हणजे ते चुंबक आधी एमआरआयसाठी वापरलेलं होतं.

केंद्रस्थ

सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या आयसोल्डे केंद्रातलं आमचं सोलेनॉइडही एमआरआयचं जुनं चुंबक आहे. त्याच्यासमोर उभा राहिलो की मला दर वेळी वाटतं, यात आधी माणसं झोपली असतील, आता यात केंद्रकांची तपासणी चालते.

त्याच यंत्राने पारा-२०६ मध्ये न्यूट्रॉन घालून पारा-२०७ च्या पातळ्या पहिल्यांदा पाहिल्या गेल्या, २०२० मध्ये निकाल आला. शिशाच्या खाली, १२६ न्यूट्रॉनच्या पलीकडचा भाग. तिथे आधी कुणी गेलंच नव्हतं.

परखड_पाटील

सगळं वाचलं. समजलंही थोडंफार. पण मी शेतकरी माणूस आहे, एक सरळ प्रश्न विचारतो. ४० सेकंद जगणारं कथील, क्षणात फुटणारा ऑक्सिजन. यासाठी इतके पैसे, इतकी माणसं. माझ्या गावाला याचा काय उपयोग?

सोनाराची_लेक

पाटील, हाच प्रश्न मी माझ्या भावाला विचारला होता, तो फिजिक्सला आहे. आमचं जळगावात सराफीचं दुकान. तो म्हणाला, तुझ्या दुकानातलं सोनं कुठून आलं ते याच लोकांना कळणार आहे. मला तेव्हा थट्टा वाटली. केंद्रस्थ, खरंच आहे का हे?

केंद्रस्थ

@परखड_पाटील, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. @सोनाराची_लेक, भाऊ खरं बोलला.

लोखंडापेक्षा जड मूलद्रव्यांपैकी साधारण निम्मी तयार होतात ती न्यूट्रॉनच्या धो धो पावसात. केंद्रक एकामागून एक न्यूट्रॉन गिळत जातं, क्षय व्हायला वेळच मिळत नाही. ५०, ८२, १२६ अशा आकड्यांवर आलं की पुढचा न्यूट्रॉन नीट चिकटत नाही, तिथे खोळंबतं, साठा होतो. म्हणून विश्वात मूलद्रव्यांच्या प्रमाणात तिथे तिथे उंचवटे दिसतात. १२६ च्या खोळंब्यातून तयार होणारा उंचवटा अणुभार १९५ च्या आसपास आहे. प्लॅटिनम आणि सोनं त्याच उंचवट्यातलं. सोन्याचा अणुभार १९७.

म्हणजे मंगळसूत्रातलं सोनं किती आहे हे ठरवणारे आकडे मॅजिक नंबर. आणि तो खोळंबा होतो न्यूट्रॉनने भरलेल्या क्षणिक केंद्रकांमध्ये, टिकाऊ केंद्रकांमध्ये नाही. तिथे मॅजिक नंबर बदलले तर उंचवटाही सरकेल. म्हणून पारा-२०७ महत्त्वाचं. त्या केंद्रकांवर सरळ न्यूट्रॉन मारून मोजता येत नाही, कारण ना केंद्रकाचं टार्गेट होतं, ना न्यूट्रॉनचं. ड्यूटेरॉनकडून न्यूट्रॉन देणं हाच जवळचा रस्ता.

गावाला उद्या फायदा होईल असं मी म्हणणार नाही, खोटं ठरेल. पण या विज्ञानाच्या हातात हात घालून डिटेक्टर आणि प्रवेगक घडले, आणि त्यांच्यावरच कॅन्सरची किरणोपचार यंत्रं आणि पेट स्कॅन उभे आहेत. आणि एवढं मान्य करा: आपल्या पूर्वजांनी सोनं पूजलं, ते आलं कुठून हे कळावं अशी इच्छा माणसाला असणं वाईट नाही.

परखड_पाटील

उत्तर आवडलं. खोटं आश्वासन दिलं नाही म्हणून जास्त आवडलं. सोन्याचं आमच्या मुलीला सांगतो, तिच्या लग्नाचं बघतोय.

हिंगोलीकर

अवांतर, पण राहवत नाही. तो न्यूट्रॉनचा पाऊस पडतो कुठे याचा पहिला थेट पुरावा १७ ऑगस्ट २०१७ ला मिळाला. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांना गुरुत्वीय लहरी मिळाल्या आणि मग दुर्बिणींना त्याचा प्रकाश दिसला. आणि लायगो-इंडिया उभी राहतेय आमच्या औंढा नागनाथला! २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. पाटील, एका गावाला तरी उपयोग झालाच. आमच्या नागनाथाच्या देवळाजवळून पुढे कधीतरी ताऱ्यांची टक्कर ऐकू येईल, या विचारानेच ऊर भरून येतो.

निळी_शाई

हिंगोलीकर, अभिनंदन! आणि ही माहिती इथे आणल्याबद्दल आभार.

तळटीप

धागा छान रंगलाय, पण बाईंचा पहिला प्रश्न अजून लटकलेलाच आहे. २० हा आकडा ऑक्सिजनमध्ये मॅजिक का नाही?

शास्त्राच्या_बाई

तळटीप, धन्यवाद, मी तेच विचारणार होते. काल वर्गात चाळ आणि डबा दोन्ही सांगितलं. मुलं एकदम खूश. त्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला: "मॅडम, चाळ एकच असताना जिन्याची लांबी बदलते कशी?" मी म्हटलं, उद्या. हे माझं दुसरं "उद्या" झालं.

केंद्रस्थ

बाई, तुमच्या विद्यार्थिनीला मी माझ्या गटात घ्यायला तयार आहे. आता नीट सांगतो.

पहिली खूण १९७५ मध्ये मिळाली. सर्नमध्ये सोडियमच्या न्यूट्रॉनभरल्या समस्थानिकांची वस्तुमानं मोजली. २० न्यूट्रॉनपाशी जो साधेपणा दिसायला हवा होता तो दिसलाच नाही. नंतर मॅग्नेशियम-३२ बघितलं, त्यातही २० न्यूट्रॉन. कॅल्शियम-४० ला पहिल्या दोन-धन पातळीपर्यंत (तळाच्या वरची, स्पिन २ असलेली पातळी) उचलायला ३.९ एमईव्ही लागतात. मॅग्नेशियम-३२ ला फक्त ०.८९. जिना लांब असता तर इतक्या सहज उचललं गेलं नसतं. या भागाला आता "उलटापालटीचं बेट" म्हणतात, कारण तिथे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खालच्याआधी दिसतात.

तिथेही ट्रान्स्फरने पुढचं दार उघडलं. २०१० मध्ये आयसोल्डेत मॅग्नेशियम-३० चं बीम ट्रिटियम (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन) भरलेल्या टायटॅनियमच्या पत्र्यावर सोडलं. ट्रिटियमने एकदम दोन न्यूट्रॉन दिले. मॅग्नेशियम-३२ मध्ये तळाच्या पातळीखेरीज शून्य स्पिनची दुसरी पातळी १.०६ एमईव्हीला सापडली. एकाच केंद्रकात दोन आकार शेजारी शेजारी: एक गोल, एक लांबट.

आता जिना का बदलतो. कारण चाळीत न्यूट्रॉनची बिऱ्हाडं एकटी नाहीत, शेजारी प्रोटॉनांची चाळ आहे. काही प्रोटॉन-खोल्या काही न्यूट्रॉन-खोल्यांना ओढून घेतात. स्पिन-ऑर्बिट जोडीमुळे डी खोलीचे दोन प्रकार होतात, खालचा डी५/२ आणि वरचा डी३/२. डी५/२ मधले प्रोटॉन डी३/२ मधल्या न्यूट्रॉनांना खाली ओढतात. सिलिकॉनमध्ये डी५/२ मध्ये सहाच्या सहा प्रोटॉन, म्हणून न्यूट्रॉनची डी३/२ खाली, आणि २० च्या वरचा जिना लांब. ऑक्सिजनमध्ये ती प्रोटॉन-खोली रिकामी. ओढणारं कुणी नाही, डी३/२ वर तरंगत जाते, वरच्या मजल्याला जवळजवळ टेकते. २० चा जिना आखडतो, आणि तेवढाच १६ चा जिना लांबतो. या ओढीमागच्या टेन्सर बलाचा विचार जपानच्या ओत्सुका यांच्या गटाने पुढे आणला.

म्हणून ऑक्सिजनमध्ये नवा मॅजिक आकडा १६. ऑक्सिजन-२४ दुहेरी मॅजिक निघाला, आणि ऑक्सिजनची टिकाऊपणाची सीमाही तिथेच संपते. २००९ मध्ये याचा भक्कम पुरावा देणाऱ्या प्रयोगांपैकी एक जर्मनीत जीएसआय प्रयोगशाळेत झाला. त्याचं नेतृत्व भारतात वाढलेल्या, आता कॅनडात असणाऱ्या रितुपर्णा कानुंगो यांनी केलं होतं.

शास्त्राच्या_बाई

रितुपर्णा कानुंगो! हे नाव मुलींच्या वहीत जाणार.

एक शंका. ओढणारे प्रोटॉन नाहीत म्हणून जिना बदलतो, मग ऑक्सिजनला एकच प्रोटॉन जास्त दिला तर? फ्लोरिन?

केंद्रस्थ

आता बाईसुद्धा मागच्या बाकावर बसायला लागल्या!

फ्लोरिनला एक प्रोटॉन जास्त, तो बसतो डी५/२ मध्ये. आणि फ्लोरिन ३१ पर्यंत टिकतो, म्हणजे २२ न्यूट्रॉन. ऑक्सिजन १६ न्यूट्रॉनवर थांबतो. एका प्रोटॉनने सहा जास्तीचे न्यूट्रॉन धरून ठेवले. याला ऑक्सिजनचा पेच म्हणतात. पूर्ण उत्तरासाठी तीन न्यूक्लिऑन एकाच वेळी एकमेकांवर टाकत असलेलं बलही धरावं लागतं. ते धरलं की ऑक्सिजनचा शेवट बरोबर २४ वर येतो.

रसायनवाला

ही चाळीची गोष्ट मला पटली. पण मला अजून जिन्याची लांबी आकड्यात हवी. ऑक्सिजनमध्ये १६ चा जिना किती, २० चा किती? मोजलाय कुणी, की हेही मॉडेलच?

केंद्रस्थ

मोजलाय, आणि ट्रान्स्फरनेच. तुम्ही हे विचाराल याची मी वाट बघत होतो.

रिकेनमध्ये ऑक्सिजन-२२ चं बीम ड्यूटेरियमच्या प्लास्टिकवर सोडलं. न्यूट्रॉन आत गेला की ऑक्सिजन-२३. त्याच्या तळाच्या पातळीत शेवटचा न्यूट्रॉन एस१/२ खोलीत असतो. वरच्या पातळ्या तर बांधलेल्याच नाहीत, न्यूट्रॉन लगेच सुटून जातो. मग मागे उडालेला प्रोटॉन, सुटलेला न्यूट्रॉन आणि उरलेला ऑक्सिजन-२२ असे तिघे एकदम पकडले. २००७ मध्ये निकाल आला. दोन पातळ्या दिसल्या. पहिली ४.० एमईव्हीला, ती डी३/२. म्हणजे १६ चा जिना ४ एमईव्ही. दुसरी ५.३ ला, ती वरच्या मजल्यावरची. दोघींमधला फरक १.३. हा २० चा जिना.

रसायनवाला, १.३.

रसायनवाला

एवढंच ना! ४ आणि १.३. मग पोरीचा ऑक्सिजन-२८ पडला यात नवल काय.

शास्त्राच्या_बाई

आज वर्गात गेले. फळ्यावर जुने सात मॅजिक नंबर लिहिले, आणि खाली ऑक्सिजनचा जिना काढला: ४.०, मग १.३. त्या मुलीला पुढे बोलावून खडू दिला. तिने २० च्या बाजूला "कॅल्शियमसाठी" असं लिहिलं, आणि १६ लिहून त्याच्यापुढे "ऑक्सिजनसाठी". मग मागे जाऊन बसली आणि परत हात वर केला.

केंद्रस्थ, ती विचारतेय की कॅल्शियममध्येही खूप न्यूट्रॉन घातले तर कुठला नवा आकडा येतो.

केंद्रस्थ

३२ आणि ३४! कॅल्शियम-५२ आणि कॅल्शियम-५४, दोन्ही २०१३ मध्ये. वस्तुमानं आयसोल्डेत, गॅमा किरण रिकेनमध्ये. उद्या लिहितो. तिला सांगा, यावेळी "उद्या" माझं आहे.